हौसाबाई आणि बारा सेकंद

चि. ईशान, चि. रेवा,

गेल्या आठवड्यात ईशानने आपल्या घरच्या ग्रुपवर एक क्लिप टाकली. हिरवी साडी नेसलेली एक बाई कमरेवर हात ठेवून म्हणते, "ज्यांच्या मोटारी हायेत त्यांनाच पाणी मिळणार. बाकीच्यांनी टँकरची वाट बघायची!" आणि समोरच्या बायका खदखदून हसतात. बारा सेकंद. खाली कोणीतरी लिहिलं आहे, 'सत्ता मिळाल्यावर यांची भाषा बघा.' ईशानने विचारलं होतं, "आजी, तुमच्याकडचे नेते खरंच असं बोलतात?" रेवाने रागाने लाल झालेला चेहरा टाकला.

ती बाई नेता नाही आणि तिला सत्ता कधी मिळालीच नाही. तिचं नाव सुरेखा. ती इंदापूर तालुक्यात, पळसदेवच्या अलीकडे, उजनीच्या पाण्याकाठच्या एका गावात राहते आणि आमच्या शाळेतल्या हौसाबाईंची सून आहे. क्लिप तीन वर्षांपूर्वीची आहे. ती समुद्र ओलांडून तुमच्यापर्यंत गेली आणि तुमच्याकडून पुन्हा माझ्याकडे आली, तेव्हा ठरवलं की आता हे लिहून काढायचं. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तुम्ही "हो आजी" म्हणता आणि दुसरंच काहीतरी बघत असता. मला ते कळतं.

सुरेखाची गोष्ट सांगायची तर आधी हौसाबाई सांगायला हव्यात.

मी बारामतीला मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायला लागले, त्याच वर्षी हौसाबाई तिथे शिपाई म्हणून लागल्या. शिक्षण चौथीपर्यंत. उंच, सडपातळ, नऊवारी घट्ट नेसलेली, चालण्यात कधी घाई नाही. त्यांना काहीही सांगितलं की त्या आधी तुमच्याकडे बघत, मग तुमच्या खांद्यावरून मागे बघत, जणू खरा सांगणारा तिथे उभा आहे, आणि मग विचारत, "कुणी बघितलं?"

दूधवाला दूध चांगलं आहे म्हणाला तरी थेंब नखावर घेऊन पाहिल्याशिवाय त्या चहा टाकत नसत. शाळेच्या घड्याळावर त्यांचा विश्वास नव्हता. घंटा द्यायच्या आधी फाटकातून रस्ता बघून येत. "इंदापूर गाडी अजून गेली न्हाय. घड्याळ पळतंय." मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, यावर चिडायच्या. पण एकदा घड्याळजी आला आणि म्हणाला, हे रोज चार मिनिटं पुढे जातंय. मग घंटेबद्दल कोणी बोलेनासं झालं. एसटीवर एवढा विश्वास कसा, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "ड्रायव्हर माज्या गावचा हाय बाई. त्याला घरी जायाचं आसतंय."

तुम्हाला नोटीस वही माहीत नसेल. तेव्हा शाळेतली प्रत्येक सूचना एका लांबट वहीत लिहिली जायची. शिपायाने ती वर्गावर्गात न्यायची, शिक्षकाने वाचून सही करायची, मग वही पुढच्या वर्गात. बाकीचे शिपाई वही टेबलावर ठेवत आणि आम्ही फळ्याकडून न वळताच सही करत असू. हौसाबाईंकडे हे चालत नसे. वही छातीशी धरून त्या दारात उभ्या राहत.

"वाचा बाई. मग सही."

"वाचलं हो."

"डोळं हाललं न्हाईत तुमचं."

सगळा वर्ग हसायचा आणि मला सूचना खरोखर वाचावी लागायची. कोणाची सही कोणानंतर झाली, वही कोणाकडे अडकली होती, हे त्यांना महिन्यांनंतरही आठवायचं.

एकदा दहावीच्या मुलींनी त्या वहीत स्वतःच एक सूचना लिहिली. उद्या शाळेला सुट्टी. खाली मोठ्या बाईंची सही, अगदी हुबेहूब, मलाही ओळखता आली नसती. वही हौसाबाईंच्या स्टुलावर होती. त्यांनी उघडली, पाहिली, मिटली आणि तिच्यावरच बसल्या.

"काय झालं?" मी विचारलं.

"सही शाईची हाय. मोठ्या बाईंचं शाईचं पेन सोमवारपास्नं दुरुस्तीला हाय, मीच टाकून आले. तवापास्नं त्या बॉलपेननं सही करत्यात, आन् करताना तोंड असं करत्यात." आणि त्यांनी मोठ्या बाईंचं ते तोंड करून दाखवलं. मी खडूच्या खोक्यावर डोकं टेकून हसले.

हा त्यांचा दुसरा गुण. त्या कोणाबद्दल नुसतं सांगत नसत, तो माणूस होऊन बोलत. मधल्या सुट्टीत स्टोअररूममध्ये आम्ही बायका जमायचो आणि हौसाबाई शिक्षणाधिकाऱ्यांची भेट संपूर्ण करून दाखवायच्या. मी वर्गात 'सायलेन्स' म्हणताना डावी भुवई वर नेते, हे मला हौसाबाईंकडून कळलं. त्यांच्या गावाकडे बायका अशाच बोलतात. कोणाचं बोलणं सांगायचं तर त्याच्याच ताठ्यात, त्याच्याच हातवाऱ्यांसकट. 'तो म्हणाला' हे शब्द मध्ये येतातच असं नाही. ऐकणारीला कळतंच.

त्यांचं 'कुणी बघितलं' कुठून आलं, तेही एकदा कळलं. त्या लहान होत्या तेव्हा धरणाचं पाणी येणार, गाव उठवा, असं सांगायला सरकारी माणूस आला. त्यांचे वडील तात्या पारावर उभे राहून म्हणाले, "एवढं पाणी कुणी बघितलंय?" सगळं गाव हसलं, सरकारी माणूसही हसला. पुढे पाणी खळ्यापर्यंत आलं तेव्हा घाईने बैलगाडी जुंपली. जातं आणि दाराची चौकट तिथेच राहिली.

"तात्यांनी इचारलं ते बरुबरच हुतं," हौसाबाई म्हणाल्या. "पर भिंत बांधत हुते तितं जाऊन बघितलं न्हाय. दोन दिसांची तर वाट. नुसतं इचारून घरात बसले, ते चुकलं."

निवडणुका तेव्हाही होत्या, पण जीपवरच्या भोंग्याच्या. एकदा सहामाही परीक्षेत एक जीप शाळेसमोर थांबून ओरडायला लागली. हौसाबाई रस्त्यावर गेल्या. मी खिडकीतून ऐकत होते.

"मावशी, आपलं मत आपल्या माणसाला!"

"कुठं हाय त्यो? गाडीत हाय का नुसता भोंगाच हाय?"

"भोंगाच हाय मावशी. सायब सणसरला हायेत."

"मग मत बी सणसरलाच मागा. हितं पोरी पेपर लिवत्यात."

जीप गेली. सांगता येईल असा माणूस समोर होता म्हणून जीप गेली, असं आता वाटतं.

निवृत्त झाल्यावर हौसाबाई गावी मुलाकडे, दत्ताकडे राहायला गेल्या. दत्ताचा पाण्याकाठी ऊस आहे. काही वर्षांनी त्याने त्यांना स्मार्टफोन घेऊन दिला आणि तो शिकायला त्या बारामतीला माझ्याकडे आल्या. फोटो काढणं, व्हिडिओ करणं, पाठवणं, दोन दुपारींत शिकल्या. मग एका मेसेजवर बोट ठेवून विचारलं, "ह्यो बाण कसला?"

"हे दुसऱ्या कोणाकडून आलेलं पुढे पाठवलंय, असा त्याचा अर्थ."

"मग पैला कोण?"

"ते कळत नाही."

"सही न्हाय?"

"नाही."

फोन त्यांनी पदरात गुंडाळला. "बिनसहीची वही हाय म्हणा की."

तीन वर्षांपूर्वी त्यांच्या गावचं सरपंचपद बाईसाठी राखीव झालं आणि सुरेखा उभी राहिली. समोर तिची चुलत जाऊ, इंदू. खेड्यात असंच असतं, दोन्ही पॅनेल एकाच भावकीतली. मुद्दा एकच होता, पाण्याच्या पाइपलाइनचा. काठावरच्या मळ्यांना मोटारी, म्हणजे विजेचे पंप, लावून पाणी होतं, वरच्या माळावरच्या वस्त्या मात्र उन्हाळाभर टँकरवर. सुरेखाचं माहेर टँकरवरच्याच गावातलं. तिला भाषण करता येईना म्हणून हौसाबाईंनी तिला शिकवलं. "नुसतं सांगू नगं. करून दाखव. बाया लक्षात ठेवत्यात."

आणि देवळाच्या सभामंडपात बायकांच्या बैठकीत सुरेखाने करून दाखवलं. पदर खांद्यावर टाकला, कमरेवर हात ठेवला आणि आजवर पाणी अडवून बसलेल्या मंडळींचा ताठा हुबेहूब काढला, "ज्यांच्या मोटारी हायेत त्यांनाच पाणी मिळणार. बाकीच्यांनी टँकरची वाट बघायची!" बायका हसल्या. मग तिने हात खाली घेतला आणि आपल्या आवाजात म्हणाली, "हे आपुन लई वर्सं ऐकलं. आता पैली लाइन माळावर जाईल, मग आमच्या मळ्यात." सगळं मिळून तीन मिनिटं.

आठवड्याच्या आत त्यातले मधले बारा सेकंद सगळीकडे फिरू लागले.

मतदानाला पाच दिवस होते. मी सकाळी स्वयंपाकघरात पालक निवडत बसले होते. दारात हौसाबाई. खांद्याला पिशवी, पायांवर धूळ. पाणी प्यायल्या, खुर्चीवर बसल्या नाहीत.

"बाई, नोटीस वहीचं काम हाय."

त्यांनी सांगितलं ते असं. क्लिप माळावरच्या वस्त्यांत पोचली होती. डेअरीवर सुरेखा दूध घालायला गेली की बायका गप्प होत. तिच्या माहेरहून भावाचा फोन आला, "ताई, तू आमाला हसलीस?" दोन दिवस ती उंबऱ्याबाहेर आली नव्हती. क्लिप कुणी कापली हे शोधायला हौसाबाई निघाल्या होत्या, एकेक सही उलटी मोजत.

"माज्या जावंला तिच्या भाच्यानं धाडली. त्यो इंदापुरात दुकानात हाय. त्याला सणसरच्या एका मास्तरणीनं. काल तिच्याकडं गेले." त्या थांबल्या. "तिनं तुमचं नाव सांगितलं. मी म्हणलं, बाई तसल्या न्हाईत. दुसऱ्या कुणाचं नाव आसंल."

पालकाची जुडी मी खाली ठेवली.

मी फोन आणला. सुरेखाला मी एकदाच पाहिलं होतं, लग्नात, मुंडावळ्या बांधलेली. क्लिपमध्ये तिला ओळखलं नव्हतं. आमच्या निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर ती आली, मला संताप आला आणि मी ती तिघींना पाठवली. वर एक ओळही लिहिली होती, 'अशा लोकांना निवडून द्यायचं का? विचार करा.' जन्मभर मी मुलींना सांगितलं की उतारा शेवटपर्यंत वाचल्याशिवाय उत्तर लिहू नका.

हौसाबाईंनी ती ओळ अक्षर अक्षर लावून वाचली. मी ओळखलं नसल्याचं कारण सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"पुरती हाय का न्हाय, बघितलं हुतं का बाई? धाडायच्या आधी?"

"नाही."

"बरं. तुमाला कुणी धाडली?"

त्यांचा आवाज बदलला नाही. जावेला, भाच्याला, मास्तरणीला जसं विचारलं असेल तसंच मला विचारलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

ग्रुपवर ती आमच्या ड्रॉइंगच्या सरांनी टाकली होती. ते दोन गल्ल्या सोडून राहतात. आम्ही दोघी लगेच गेलो.

"अहो हौसाबाई, मी फक्त पुढे पाठवली," सर म्हणाले. "माझं तसं काही मत नव्हतं."

"मत न्हवतं तर धाडली कशाला?"

"सगळेच पाठवतात हो. मला पुतण्याकडून आली, सोमेश्वरनगरहून. त्याचे उसाचे ट्रॅक्टर आहेत ना, त्यांचा मोठा ग्रुप आहे. तिथे कोणी टाकली देव जाणे." त्यांनी पुतण्याला फोन लावला. तो म्हणाला, टाकणाऱ्याचा नंबर ओळखीचा नाही आणि आता लागतही नाही.

"माज्या गावातली गोष्ट सोमेश्वरनगरला जाऊन परत माज्या गावात आली," हौसाबाई म्हणाल्या. "म्हंजे आधी गावातनंच कुणीतरी भाईर काढली. बैठकीत मागं तिघीजणी फोन घिऊन बसल्या हुत्या. त्यांतलीच एक." ती नावंसुद्धा त्यांनी घेतली. तीन दिवस त्या मनात त्या तिघींनाच तपासत होत्या.

सरांना काहीतरी मदत करावीशी वाटली असावी. त्यांनी क्लिप भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर लावली. "मोठ्यावर नीट दिसेल, कुठून काढलीय ते."

सुरेखा बोलली. बायका हसल्या. त्या हसण्यात एक हसू सगळ्यांत मोठं आणि जवळचं होतं, कोरडं, आणि त्याला जोडून दोन वेळा खोकला. फोनच्या बारक्या आवाजात ते मला कधी ऐकू आलं नव्हतं.

"परत लावा," हौसाबाई म्हणाल्या.

सरांनी परत लावली.

"परत."

तिसऱ्यांदा संपली तेव्हा त्या सोफ्याच्या कडेला बसल्या. "ह्यो खोकला माजा हाय."

व्हिडिओ त्यांनीच काढला होता. कौतुकाने, पूर्ण तीन मिनिटांचा, खांबापाशी बसून, फोन छातीशी धरून. आणि पाठवला होता फक्त एका ठिकाणी, भावकीच्या ग्रुपवर. चित्र जवळ ओढून, वर अक्षरं चिकटवून कोणी त्याचं असं रूप केलं होतं की आपलाच व्हिडिओ त्यांना ओळखू आला नव्हता. आणि खरं म्हणजे त्या दिशेला त्यांनी पाहिलंच नव्हतं. त्या ग्रुपवर चाळीस-एक घरं, सगळी एका आडनावाची. इंदूही त्यात होती.

"हौसाबाई, इंदू आहे त्या ग्रुपवर!" मी म्हणाले.

"हाय की. तिला कशी काढणार? निवडणुकीपायी कुणी भावकीतनं काढतं व्हय? उद्या लग्नात एकाच पंगतीला वाढायचं आसतंय." मग त्यांनी स्वतःचं नख पाहिलं. "दुधाचा थेंब नखावर घेते मी, बाई. आन् घरचं म्हणून हे तसंच दिलं."

सरांना मात्र उत्साह आला. पूर्ण व्हिडिओ हौसाबाईंच्या फोनमध्ये होता! आम्ही तो घेतला. मी शुद्ध, मुद्देसूद परिच्छेद लिहिला, माझी चूक कबूल केली आणि जिथे जिथे क्लिप पाठवली होती तिथे तिथे पूर्ण व्हिडिओ पाठवला. सरांनीही. तासाभरात निळ्या खुणा उमटल्या, जोडलेले हात आले. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी लिहिलं, 'थोडक्यात सारांश कळवावा.'

"बघा, गेला सगळीकडे," मी हौसाबाईंना म्हणाले.

"कुणी बघितलं?"

सणसरच्या मास्तरीणबाईंना मी फोन केला. त्यांनी वाचलं होतं, व्हिडिओ उघडला नव्हता. दुसरीने उघडला होता, अर्धा. बारा सेकंद कोणीही बघतं. तीन मिनिटांना माणूस बसवावा लागतो.

हौसाबाईंनी पिशवी उचलली. स्टँडसमोरच्या दुकानातून शंभर पानी वही घेतली आणि मला म्हणाल्या, "वर लिवा. पुरतं बघितलं." मी चांगल्या अक्षरात लिहिलं, 'पूर्ण बघितलं'. त्या इंदापूर गाडीत बसल्या.

पुढचे तीन दिवस त्या घरोघर हिंडल्या. त्यातल्या एका दिवशी मी सोबत होते. माझी काही मदत झाली असं नाही, पण घरी बसवेना. पद्धत ठरलेली. दारात उभं राहायचं, घरात असतील तेवढ्यांना बसवायचं, फोन छातीशी धरायचा, व्हिडिओ संपेपर्यंत कोणाला उठू द्यायचं नाही. मग वही पुढे करायची.

एका ओसरीवर बाजेवर बसलेले म्हातारे आबा कंटाळले. "हौसा, कळलं गं. आण, सही करतो."

"अजून एक मिंट हाय, आबा."

"आगं मत सुरेखालाच देतो की!"

"मत मागाया आले न्हाय. बघा."

आबांनी बघितलं. शेवटचं वाक्य ऐकून म्हणाले, "हां, मंजी ती सोंग काढत हुती व्हय! मला तर वाटलं पोरगी माजली." आणि अंगठा न देता, वेळ लावून, पूर्ण नाव लिहून सही केली.

हौसाबाई इंदूच्या घरीही गेल्या. इंदूने बसायला चटई टाकली, चहा केला, "आत्याबाई, उन्हाचं कशाला फिरताय" म्हणाली. व्हिडिओ शांतपणे पाहिला आणि सुरेख वळणदार सही केली. त्या तीन मिनिटांत हौसाबाईंनी एकदाही फोनकडे पाहिलं नाही. त्या इंदूचे डोळे बघत होत्या.

बाहेर आल्यावर मी हळूच विचारलं, "तिनेच केलं असेल?"

"तिनं आधी पुरता बघितलेला हाय. डोळं हाललं न्हाईत."

"मग?"

"मग काय? ग्रुपात हाय, बघणारच. त्यावरनं काय ठरत न्हाय." चार पावलं गेल्यावर म्हणाल्या, "चाळीस घरं हायेत, बाई. ज्याच्या घरी जाते त्यो च्या देतो. आता च्या पिताना बी इचार येतो."

घरी सुरेखा चुलीपुढे बसली होती. "आत्याबाई, ऱ्हाऊ द्या आता. माजंच चुकलं. सरळ बोलले आसते तर कापता आलं नसतं."

"सरळ बोललेलं बी कापत्यात. आन् सोंग काढायला कुणी शिकवलं तुला? मी. मग हिंडायचं बी मीच."

प्रचार थांबायची वेळ आली तेव्हा गावातल्या तलाठ्याने त्यांना सांगितलं की आता व्हिडिओ दाखवणं नियमात बसत नाही. त्यांनी वही मिटली. सहीनिशी आलेली सूचना त्यांनी कधी मोडली नव्हती. माळावरच्या तीन वस्त्या राहून गेल्या होत्या, नेमक्या त्याच, टँकरवरच्या.

सुरेखा थोडक्या मतांनी पडली. त्या तीन वस्त्यांनी तिला जवळजवळ काहीच दिलं नाही.

महिन्याभराने मी त्यांना भेटायला गेले. उन्हाळा कडक होता. उजनीचं पाणी मागे हटलं होतं आणि पळसदेवच्या जुन्या देवळाचं शिखर उघडं पडलं होतं. दत्ताच्या घरी सुरेखा म्हणाली, "आत्याबाई माळावर गेल्यात." मी रिक्षा वर घेतली. कच्च्या रस्त्यावर त्या दिसल्या, डोक्यावर पदर, खांद्याला पिशवी, पिशवीतून वहीची कड बाहेर आलेली.

"हौसाबाई, आता कशाला? निवडणूक झाली की."

त्या थांबल्या, घाम पुसला. "मत देऊन झालं त्यांचं. सुरेखावरचा आळ जायाचा ऱ्हायलाय न्हवं? ह्याच बायांबरुबर तिला रोज डेअरीवर हुबं ऱ्हायचं हाय."

रिक्षात बसा म्हटलं तर नको म्हणाल्या. एका पत्र्याच्या घरासमोर प्लास्टिकच्या टाक्या मांडून ठेवल्या होत्या. तिथे त्या दारात उभ्या राहिल्या. आतून एक बाई हात पुसत आली, काहीतरी तिखट बोलली, पाठ फिरवून आत निघाली. हौसाबाई हलल्या नाहीत. ती बाई पुन्हा दाराशी आली. मग दोघी उंबऱ्यावर बसल्या, फोन मध्ये धरला. लांबून मला ऐकू काहीच येत नव्हतं. दोघींची डोकी एकमेकींजवळ वाकलेली दिसत होती, आणि तीन मिनिटं ती वर उठली नाहीत.

त्यानंतर मी हौसाबाईंना पाहिलं नाही. पुढच्या थंडीत, चार दिवसांच्या तापात, त्या गेल्या.

क्लिप कोणी कापली हे आजपर्यंत कळलेलं नाही. भावकीचा ग्रुप चालू आहे, तीच माणसं आहेत, कोणी बाहेर पडलेलं नाही आणि सणावाराला सगळे एकमेकांना शुभेच्छा देतात. सुरेखा रोज डेअरीला जाते, माळावरच्या बायका तिच्याशी बोलतात. ईशान, तुला ती क्लिप कोणी पाठवली, आणि त्याला कोणी, एवढं मला कळव, म्हणजे त्यांनाही बसवून पूर्ण दाखवता येईल. पूर्ण व्हिडिओ जपून ठेवलेला तीन फोनांत आहे. सुरेखाच्या, दत्ताच्या आणि माझ्या.